पेव उघडताना

नवरा सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या ऑफिसचा जिना चढून वर आला तेव्हा मला वाटलं, याला बरं नाही. बँकेतला माणूस कामाच्या दिवशी अकरा वाजता मार्केट यार्डाच्या बाजूला कशाला फिरकेल? हातात डब्याची पिशवी, डबा न उघडलेला. चेहरा मात्र शाळा लवकर सुटलेल्या पोराचा.

"हाकललंय मला," म्हणाला. "आजपासून दहा दिवस. चाव्या काढून घेतल्या, लॉगिन बंद केलं, आणि या म्हणाले."

हाकललंय म्हणजे रजेवर पाठवलंय. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. जोखमीच्या जागेवर बसणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा, आधी अजिबात न सांगता, कामाचे किमान दहा दिवस सलग घरी बसवायचं. बँकेचं ईमेल तेवढं बघता येतं, बाकी कशालाही हात लावायचा नाही. कारण असं की जो हिशेबात गडबड करतो त्याला रजा परवडत नाही. रोज येऊन त्याला कालचं झाकावं लागतं. दुसरा माणूस चार दिवस त्या खुर्चीत बसला की झाकलेलं आपोआप वर येतं. आपल्याकडं निवृत्तीच्या समारंभात 'यांनी तीस वर्षांत एक रजा घेतली नाही' म्हणून शाल आणि नारळ देतात, आणि बँकेचे तपासनीस आधी त्याच माणसाची कपाटं उघडतात. मला हा नियम फार आवडतो. म्हणजे नवऱ्याच्या बाबतीत.

"आपण गुहागरला जाऊया," तो म्हणाला. "परवा पहाटे."

"आज सोळा तारीख आहे."

"मग?"

"वीसला थ्रीबी." थ्रीबी म्हणजे जीएसटीचं दुसरं रिटर्न, महिन्याचा कर भरायचं.

त्यानं डबा माझ्या टेबलावर ठेवला. "मी आणि पोरगी जातोय. तुला यायचं तर ये." आणि बुधगावच्या आमच्या मुलीला, म्हणजे माझ्या ऑफिसातल्या, "काय गं, चालेल ना तुम्हाला?" असं विचारून जिना उतरला. ती हसली. मला ते हसणं नीट कळलं नाही.

माझा धंदा कर सल्लागाराचा. सांगलीत अडते, हळदवाले, बेदाणावाले, दोन-चार कोल्ड स्टोरेज, काही किराणा दुकानं. आमच्या भिंतीवर दिनदर्शिका असते ती सण बघायला नाही. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीचं पहिलं रिटर्न, १४ ला टूबी, म्हणजे खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटची यादी, येते, १५ ला पीएफ, २० ला थ्रीबी, तिमाहीवाल्यांची २२ ला, त्यांतल्याच काहींचं चलन २५ ला. मग महिनाअखेर. वरती ३१ जुलै, ३० सप्टेंबर, ३१ ऑक्टोबर, ३१ डिसेंबर हे मोठे पाहुणे. हे सगळं वजा करून २६ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर एवढीच पट्टी खरी मोकळी राहते, आणि त्या पट्टीत पोरीची दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरलेली असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निम्मी सांगली पाण्यात होती, आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, लोकांना होडीतून बाहेर काढत होते. तेव्हाही तारीख सुटली नाही. पूरग्रस्त जिल्ह्यांसाठी जुलैचं रिटर्न २० सप्टेंबरपर्यंत पुढं ढकललं, एवढंच. पूर ओसरल्यावर माणसं घरातला चिखल काढत होती आणि आमच्याकडं भिजलेली बिलं दोरीवर वाळत घातली होती.

अशा माणसानं सुट्टीवर जायचं म्हणजे काय, हे मी तीन वर्षांपूर्वी गुहागरलाच शिकले. म्हणजे शिकले नाही, आपटले.

तेव्हा मी तयारी केली नव्हती असं नाही. उलट भरपूर केली होती. जायच्या आधी सलग आठ दिवस रात्री अकरापर्यंत बसून पुढची कामं मागं ओढून उरकली होती. सुट्टीची तयारी म्हणजे सुट्टीतलं काम आधी करून टाकणं, अशी माझी समजूत होती. परिणाम असा की निघाले तेव्हाच मी इतकी दमले होते की पाटणपर्यंत झोपले, आणि कोयनानगरला गाडी थांबवून नवऱ्यानं चहा घेतला तो मला आठवतही नाही. तरी एक रिटर्न राहिलंच. त्या माणसाचं टूबी जुळत नव्हतं. म्हटलं, ऑफिसातली मुलं करतील.

मुलांनी केलं. पण रिटर्नवर शेवटचा ओटीपी लागतो, आणि तो येतो नोंदवलेल्या मोबाइलवर. तो मोबाइल माझा होता. आमच्या धंद्यातलं हे उघडं गुपित आहे. नोंदणी करताना अशील म्हणतो, "मॅडम, मला काय त्यातलं कळतंय, तुमचाच नंबर टाका." आपणही टाकतो. दर वेळी त्याला फोन करून आकडे विचारण्यापेक्षा ते सोपं. एक, पाच, वीस, असे करत माझ्या एका नंबरावर चाळीसेक जणांचे ओटीपी येत होते. आणि मनात, खरं सांगायचं तर, त्याचं थोडं बरंही वाटायचं. माझ्याशिवाय पान हलत नाही.

तर आम्ही हेदवीला दशभुजा गणपतीला गेलो होतो. तिथं माझ्या फोनला रेंज येत होती आणि जात होती. ऑफिसातून पोरगा ओटीपी पाठवायचा, तो मला पोचेपर्यंत बाद झालेला असायचा. मी देवळाच्या पायऱ्यांवर, मग रस्त्यावर, मग एका घराच्या गडग्यावर चढून फोन वर धरून उभी. पोरगी तेव्हा आठ वर्षांची. तिनं विचारलं, "आई, तू देवाला फोन दाखवतेयस का?" संध्याकाळी गुहागरला परत येऊन, लॉजच्या गच्चीवर, रात्री बारा वाजून गेल्यावर ते रिटर्न गेलं. एक दिवस उशीर.

परत आल्यावर मी त्या उशिराचा हिशेब मांडला. विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये. रोखीनं भरायचा कर होता ४० हजार, त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज वीस रुपयेही होत नाही. सत्तर रुपये. सत्तर रुपयांसाठी मी एक अख्खा समुद्र बघितला नाही. अशिलाला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं बरं," आणि बेदाण्याच्या भावाबद्दल बोलायला लागला.

दंड सत्तर होता म्हणून उशीर चालतो, असं मी म्हणत नाही. पहिल्या रिटर्नला उशीर झाला तर समोरच्या खरेदीदाराचं क्रेडिट अडकतं, आणि तो माणूस आपल्या अशिलाशी भांडतो, ते सत्तर रुपयांत मिटत नाही. पण कुठली तारीख लोखंडाची आणि कुठली रबराची, हे मला इतक्या वर्षांत कधी वेगळं करावंसं वाटलं नव्हतं. मला सगळ्याच लोखंडाच्या वाटायच्या.

मग मी नंबर बदलायला घेतले. हे लिहायला एक ओळ लागते, करायला सात महिने लागले. प्रत्येक अशिलाला बोलवायचं, त्याच्याच मोबाइलवर ओटीपी घ्यायचा, पोर्टलवर बदल टाकायचा, आणि त्याची समजूत काढायची. सगळ्यात अवघड गेले आमचे आण्णा. सत्तरी ओलांडलेले अडते, हळदीच्या सौद्यात अजून सकाळी सकाळी हजर. "म्हंजे आता तुम्ही आमचं बघणार न्हाई म्हना की," म्हणाले. मी म्हटलं, बघणार, फक्त ओटीपी तुम्हाला येईल, तो वाचून दाखवायचा. "मग तुमचं काय काम ऱ्हायलं?" प्रश्न बरोबर होता. मला उत्तर सुचलं नाही.

दुसरी गोष्ट वहीची. प्रत्येक अशिलाला एक पान. त्यावर जीएसटी नंबर, कुठल्या तारखा लागू आहेत, हे असतंच. ते कॉम्प्युटरमध्येही असतं. मी लिहायला लागले ते कॉम्प्युटरमध्ये नसलेलं. अमुक दुकानाची खरेदीची बिलं मालकाच्या मुलाकडं असतात, पण मागायची बापाकडं, नाहीतर दोघांचं भांडण होतं. तमुक कोल्ड स्टोरेजचं भाडं दर महिन्याला येत नाही, तीन महिन्यांचं एकदम येतं. विक्री शून्य दिसली म्हणून घाबरायचं नाही. आण्णांची पट्टी हातानं लिहिलेली असते, त्यांचा १ आणि ७ सारखाच दिसतो; बेरीज करून ठरवायचं. आण्णांना पाच तारखेला फोन करायचा, सात तारखेला परत करायचा, तेव्हा बिलं येतात. लिहिता लिहिता लक्षात आलं की माझं निम्मं काम हेच आहे, आणि ते आजवर कुठंही लिहिलेलं नव्हतं. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहिले नाहीत. तेवढी अक्कल होती.

तिसरी गोष्ट रंगीत तालमीची. एका महिन्याच्या १८ तारखेला मी फोन ऑफिसच्या टेबलावर ठेवला, मुलांना म्हटलं मी गावात नाही असं समजा, आणि रिक्षा करून हरिपूरला गेले. चार-पाच किलोमीटर. वारणा जिथं कृष्णेला मिळते तिथं संगमेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या घाटावर जाऊन बसले. पहिला अर्धा तास हात सारखा पर्समध्ये जात होता. फोन नाही हे माहीत असून.

हरिपूर म्हटलं की मला पेवं आठवतात. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, सांगलीत एका अडत दुकानावर दिवाणजी होते. लहानपणी मला ते एकदा पेव उघडताना बघायला घेऊन गेले होते. जमिनीत खोल खणलेला, आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा, त्यात हळद भरून तोंड बंद करून वर माती. आत हवा नसल्यानं कीड लागत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. पण उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही. तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. जळत राहिला तर माणूस उतरणार. मी दादांचं धोतर घट्ट धरून त्या कंदिलाकडं बघत होते. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं, आणि आता हळद गोदामात, कोल्ड स्टोरेजमध्ये असते.

घाटावर बसून मला वाटलं, मी ऑफिस म्हणून जे चालवत होते ते पेवच होतं. माल सुरक्षित, कीड नाही, पण आत दुसरा माणूस उतरला की गुदमरणार. आज मी कंदील सोडून आले होते.

दीड वाजता परत गेले तर कंदील विझलेला. मुलं टेबलाच्या खणाशी खटपट करत होती. कंपन्यांच्या रिटर्नला डिजिटल सही लागते, त्या सह्यांची टोकनं त्या खणात, आणि खणाची किल्ली माझ्या पर्समध्ये, हरिपूरला. ओटीपीचा एवढा मोठा डोंगर हलवला आणि किल्ली मात्र तिथंच राहिली. पुढच्या महिन्यात परत तालीम. तेव्हा दुपारी चारपर्यंत निभावलं. तिसऱ्या वेळी मी हरिपूरला न जाता घरीच झोपले.

दादांची गोष्ट अर्धी राहिली. ते दर वर्षी आषाढीला दिंडीबरोबर चालत पंढरपूरला जायचे. जाऊन येऊन पंधरा-सोळा दिवस. तेव्हा दुकानांची वर्षं दिवाळी ते दिवाळी असायची, पाडव्याला वहीपूजन; ३१ मार्च सगळ्यांच्या मानेवर बसला तो १९८९ च्या सुमारास, प्राप्तिकराच्या कायद्यानं सगळ्यांचं वर्ष एकच केलं तेव्हा. त्यामुळं आषाढ त्यांना मोकळा सापडायचा असं आम्हाला वाटायचं. तसं नव्हतं. मोकळा ते करून घ्यायचे, आणि तोही आषाढात नाही, बाराही महिने. रोजमेळ ज्या दिवसाचा त्या दिवशी बंद करायचा. रोकड मोजून शिल्लक जुळली की खाली रेघ. आठ आण्यांचा फरक असला तरी उठायचे नाहीत, आणि आई दारात उभी राहून वाट बघायची. त्या रेघेमुळंच दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीही वही उघडून पुढं लिहू शकायचा. वारीला निघताना ते फक्त टोपी बदलायचे.

एका वर्षी ते परत आले, तुळशीमाळ, काळवंडलेले पाय, प्रसादाचे चुरमुरे घेऊन दुकानावर गेले, आणि शेठ कौतुकानं म्हणाले, "दिवाणजी, तुम्ही नव्हता पण काय सुद्धा अडलं नाही बघा." त्या रात्री दादा जेवले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, वारीत पोट बिघडलं. मी तेव्हा नववीत होते. पोट बिघडलं नव्हतं एवढं मला कळलं, बाकी काही कळलं नाही.

तर सोळा जानेवारी. नवरा जिना उतरून गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि सवयीनं कामांची यादी करायला घेतली. आठ ओळींच्या पुढं ती जाईना. सगळ्यांची पहिली रिटर्नं गेलेली होती. टूबी जुळवून झालेलं. थ्रीबीची निम्मी चलनं तयार. तीन अशिलांचे पैसे यायचे होते, ते मी असले काय नि नसले काय, वीसच्या दुपारीच येणार. अजून थोडी ओढाताण निघेल म्हणून मी वही उलटीसुलटी चाळली. बुधगावची मुलगी माझ्याकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुम्ही जावा की." सकाळचं ते हसणं म्हणजे हेच होतं.

सतराला मी दोनच गोष्टी केल्या. अशिलांच्या ग्रुपवर निरोप टाकला: मी २६ पर्यंत बाहेरगावी, काम ऑफिसात चालू, फोन ऑफिसच्या नंबरावर करावा. परत येणार होते २४ ला. हे दोन दिवस लपवायचं मला नवऱ्याच्या एका मित्रानं शिकवलं. आलेल्या दिवशी दारात माणसं उभी नसली की सुट्टी निदान घरापर्यंत टिकते. आणि मुलांना सांगितलं, अडलं तर पैशाचं काय नुकसान आहे ते आधी मोजा, हजाराच्या आतलं असेल तर मला फोन करू नका. माधवनगरच्या पोरानं ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

अठराला पहाटे निघालो. आष्टा, पेठ नाका, कराड, पाटण. या वेळी कोयनानगरचा चहा मी प्याले. कुंभार्ली घाटात रेंज गेली तेव्हा पोटात एकदा खड्डा पडला, सवयीनं. मग भडंगाची पुडी फुटली आणि तो विषय मागं राहिला. गुहागरला आंब्यांना मोहोर आलेला, सुरूच्या बनात वारा, आणि इतका लांब किनारा की पोरगी पळत पळत ठिपक्याएवढी झाली तरी दिसत होती. एकोणीसला व्याडेश्वराला जाऊन आलो, दुपारी उकडीचे मोदक खाल्ले, झोपलो. सुट्टीबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही, हेच तिच्यात चांगलं होतं.

वीसला मी दिवसभर फोन बघितला नाही असं म्हणायला आवडलं असतं. नऊ वेळा बघितला. कुणाचा फोन नव्हता. चार वाजता नाही, सहा वाजता नाही. साडेसातला बुधगावच्या मुलीचा निरोप आला: सगळी झाली. खाली एक हसरा चेहरा. बस्स. आण्णांचं १ आणि ७ कसं सोडवलं, ते तीन जणांचे पैसे कधी आले, टोकन चाललं का, काही नाही.

किनाऱ्यावर अंधार पडत होता. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं, झाली सगळी. "मग तोंड का असं?" मी सांगितलं, दुपारचे मोदक जड झाले. आणि बोलता बोलताच मला दादांचं बिघडलेलं पोट आठवलं. इतकी वर्षं मी शेठना मनातल्या मनात शिव्या देत होते. त्यांनी खरंच कौतुक केलं होतं हो. मी बुधगावच्या मुलीला लिहिलं, "छान", मग ते पुसून लिहिलं, "शाब्बास", मग तेही कमी वाटलं, पण पाठवलं. रात्री जेवले मात्र. सुरमई होती.

चोवीसला परतलो, पंचवीसला घरात कपडे धुतले, सव्वीसला सुट्टीच होती, सत्तावीसला ऑफिस. टेबलावर वही होती. चाळली तर आण्णांच्या पानावर माझी ओळ खोडलेली. पाच तारखेला फोन, सात तारखेला परत, हे. शेजारी तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आण्णांना करू नये. ३ तारखेला त्यांच्या सुनेला करावा. बिलं तीच लावते.' नऊ वर्षं मी त्या माणसाला महिन्यातून दोनदा फोन करत होते.

तीन फेब्रुवारीला आठवणीनं मी फोन उचलला, तर ती म्हणाली, "मॅडम, मी सकाळीच केला. आलीत बिलं." आणि तिथंच उभी राहिली.

"काय गं?"

"मे महिन्यात मला आठ दिवस पाहिजेत. बहिणीचं लग्न आहे."

"घे की. तारीख कुठली?"

"अठरा."

मी हो म्हणून बसले. मग वही परत पुढं ओढली आणि अ पासून ज्ञ पर्यंत सगळी पानं उलटली. अशिलांची होती, खणाच्या किल्लीचं होतं, पुठ्ठ्यावर हजार रुपयांचं होतं. ती रोज सकाळी नऊ वाजता आल्यापासून काय काय करते, त्याचं पान कुठंच नव्हतं. मी कोरं पान काढलं, वर तिचं नाव लिहिलं, आणि तिला म्हटलं, खुर्ची ओढ, बस.